एल रोसीओची यात्रा: शिकारी, त्याचे कुत्रे आणि परत फिरलेली मूर्ती

विचारलेला प्रश्न असा आहे: स्पेनच्या दक्षिणेला एल रोसीओ येथे भरणाऱ्या मरियामातेच्या यात्रेचा उगम एका शिकाऱ्याला रानात सापडलेल्या मूर्तीत आहे, असे सर्वत्र सांगितले जाते. ही कथा कितपत खरी मानावी, यात्रा नेमकी किती जुनी आहे, आणि मूर्ती खांद्यावर घेण्याचा मान एकट्या आल्मोन्ते गावालाच का आहे? स्पॅनिश भाषा आणि त्या देशातला लोकधर्म शिकवताना या तिन्ही प्रश्नांशी माझा अनेक वर्षे संबंध येत राहिला आहे, आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी देता येत नाहीत, असे माझे ठाम मत झाले आहे. मूर्ती कोणाची आणि तिने कुठे राहायचे, या वादाचा निकाल म्हणून ही दंतकथा लिहिली गेली. त्या दृष्टीने ती वाचली की तिच्यातले बारीकसारीक तपशीलही आपली जागा सांगू लागतात, आणि आजच्या यात्रेतले, बाहेरच्याला गोंधळाचे वाटणारे पुष्कळसे प्रकारही उलगडतात.

आधी स्थळ पाहू. एल रोसीओ हे अंदालुसियातील वेल्वा प्रांतात, आल्मोन्ते नगराच्या हद्दीत येणारे एक लहान खेडे आहे. ग्वादालकिविर नदी अटलांटिक महासागराला मिळण्यापूर्वी दलदलीचा जो अफाट प्रदेश तयार होतो, त्याच्या काठावर ते वसले आहे. दोन्यानाचे राष्ट्रीय उद्यान त्याच्या वेशीलाच लागून आहे. गावातले रस्ते आजही वाळूचे आहेत, घरांपुढे घोडे बांधायला आडव्या लाकडी दांड्या आहेत, आणि पांढऱ्याशुभ्र देवळासमोर पाणथळ पसरलेली आहे. एरवी शांत असणाऱ्या या खेड्यात ईस्टरनंतर पन्नास दिवसांनी येणाऱ्या पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अवतरणाच्या सणाला, जमणारी गर्दी दहा लाखांच्या घरात सांगितली जाते. तिथे १२० हून अधिक बंधुसंघ, म्हणजे या मरियेच्या भाविकांच्या गावोगावच्या संघटना, आपापल्या गावांहून पायी, घोड्यांवर आणि छत घातलेल्या गाड्यांतून येतात. प्रत्येक संघाच्या पुढे चांदीने मढवलेली बैलगाडी असते आणि तिच्यात मरियेचे भरजरी निशाण विराजमान असते; त्याला सिम्पेकादो म्हणतात. सेव्हिलकडून येणारे ग्वादियामार नदी केमा नावाच्या उतारावर पार करतात आणि पहिल्यांदा येणाऱ्याच्या डोक्यावर त्याच नदीचे पाणी घालून त्याला यात्रेकरू म्हणून नवे नाव देतात. सान्लुकारकडून येणारे तराफ्यांवरून ग्वादालकिविर ओलांडतात.

आता कथा. तिचा प्रमाण मानला जाणारा मजकूर आल्मोन्तेच्या मूळ बंधुसंघाच्या १७५८ च्या नियमावलीत आहे, आणि लोक तोंडी जे सांगतात ते बहुतांशी त्याच मजकुराचे पाझर आहेत. म्हणून मी तो मजकूरच डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. पंधरावे शतक लागले होते. गुरे चारणारा किंवा शिकारीला निघालेला एक मनुष्य आल्मोन्तेच्या हद्दीत, ला रोसीना नावाच्या जागी आला. तिथली झाडी इतकी दाट होती, की माणसाला पाऊल टाकणे अशक्य. पाखरे आणि रानटी जनावरे तेवढी आत जात. त्याचे कुत्रे एकाएकी जोरजोराने भुंकू लागले. आत काहीतरी दडले आहे, हे ओळखून तो काटे तुडवत मोठ्या कष्टाने आत शिरला, तेव्हा काट्याकुट्यांच्या मधोमध एका झाडाच्या खोडावर देवदूतांच्या राणीची, म्हणजे मरियेची, पुरुषभर उंचीची कोरीव मूर्ती उभी होती. तिच्या अंगावर पांढऱ्या आणि हिरव्याच्या मधल्या रंगाचा तागाचा झगा होता. तो आनंदाने वेडावला. रान थोडे तोडून त्याने मूर्ती स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि तीन कोसांवरच्या आल्मोन्तेकडे निघाला. वाटेत थकून झोपला. जागा झाला तर मूर्ती नाही. दुःखाने मागे फिरला, तर ती पहिल्या जागी, त्याच खोडावर. मग त्याने आल्मोन्तेत जाऊन सगळी हकीकत सांगितली. गावचे धर्मगुरू आणि पंचमंडळी रानात गेली, त्यांनी मूर्ती बाहेर काढली, रानात देऊळ बांधून होईपर्यंत ती आल्मोन्तेच्या मोठ्या चर्चमध्ये ठेवली, आणि नंतर दहा वारा लांबीचे, म्हणजे जेमतेम आठ मीटरांचे, एक लहान प्रार्थनामंदिर उभारले. वेदी अशी रचली की ज्या खोडावर मूर्ती सापडली तेच खोड तिचे आसन व्हावे. तिथे ती रोसीनासची कुमारी या नावाने पूजली जाऊ लागली.

ही कथा घडलेल्या घटनेची नोंद म्हणून स्वीकारण्यात पहिली अडचण अशी आहे की तिच्यातले शतक चुकते. स्पेनमधल्या कास्तीय राज्याचा राजा आल्फोन्सो अकरावा याच्या दरबारात चौदाव्या शतकाच्या मध्याला शिकारीवर एक मोठा ग्रंथ तयार झाला. राज्यातल्या कोणत्या रानात कोणते जनावर कोणत्या ऋतूत मिळते याची त्यात जवळजवळ तालुकावार यादी आहे. नीएब्ला परगण्याच्या भागात त्यात लास रोसीनास या सपाट, झाडोऱ्याने भरलेल्या जमिनीचे वर्णन येते. तिथे रानडुकरे नेहमी असतात, आणि पाठलागाला सर्वांत चांगली झाडी ‘सान्ता मारीया दे लास रोसीनास’ नावाच्या देवळाजवळची आहे, असे तो ग्रंथ सांगतो. राजा १३५० मध्ये मरण पावला. म्हणजे शिकाऱ्याला मूर्ती सापडली असे ज्या काळात सांगितले जाते, त्याच्या किमान अर्धे शतक आधी तिथे देऊळ होते, त्याला नाव होते आणि ते शिकाऱ्यांना खूण म्हणून सांगता येईल इतके ओळखीचे होते. जिथे माणसाचे पाऊल पडत नव्हते असे नियमावली म्हणते, तिथे राजाची शिकारी मंडळी घोडे पळवत होती. मला या पुराव्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते: त्या जागेचा सर्वांत जुना उल्लेख एका शिकारीच्या ग्रंथात सापडतो आणि दंतकथेचा नायकही शिकारीच आहे. चार शतकांनंतर कथा लिहिणाऱ्याला तो ग्रंथ माहीत होता असे मी म्हणत नाही. कुत्रे, रानडुक्कर आणि काटेरी झाडी हेच त्या भूमीचे रोजचे जीवन होते, आणि कथेने आपले सामान तिथूनच उचलले. ‘गुरे चारणारा किंवा शिकारीला निघालेला’ हा संदिग्ध शब्दप्रयोगही मी याच अर्थाने घेतो. त्या दलदलीत पोट भरण्याचे हेच दोन मुख्य मार्ग होते. घोड्यांचे कळप तर आजही तिथे मोकळे चरतात आणि दरवर्षी २६ जूनला माणसे घोड्या व शिंगरे हाकत देवळासमोरून नेतात. ही हाकणी मेदिना सिदोनियाच्या ड्यूकने १५०४ मध्ये काढलेल्या नियमांपर्यंत मागे नेता येते.

दुसरी अडचण मूर्तीच्या वयाची. मूरांचे, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिमांचे, आक्रमण ७११ मध्ये झाले तेव्हा ख्रिस्ती लोकांनी आपल्या मूर्ती रानात लपवल्या आणि शतकांनंतर त्या सापडल्या, असे स्पेनभर सांगतात; एल रोसीओतही हे ऐकायला मिळते. परंतु ही मूर्ती गॉथिक घडणीची आहे, म्हणजे मूरांच्या आक्रमणानंतर कित्येक शतकांनी कोरलेली. तिचे मूळ कोरीवकाम आज कोणाला सहज दिसत नाही, कारण पुढच्या काळात तिला वस्त्रे नेसवण्यासाठी तिच्यात बदल करण्यात आले. आज आपण पाहतो तो सतराव्या शतकातल्या दरबारी स्त्रीचा थाट आहे: घेरदार झगा, चेहऱ्याभोवती किरणांची प्रभावळ, पायाशी चंद्रकोर, दोन्ही हातांच्या मध्ये बाळ येशू. नीएब्लाचा परगणा आल्फोन्सो दहाव्याने १२६२ मध्ये जिंकला. त्यानंतर नव्याने वसवलेल्या सीमाभागात मरियेच्या नावाने एक छोटे देऊळ उभारले गेले आणि त्यात त्या काळच्या पद्धतीची मूर्ती बसवली गेली, ही मांडणी कागदपत्रांशी आणि मूर्तीशीही जुळते. मरियेची भक्ती हा त्या राजाचा विशेषच होता.

मग सापडण्याची कथा आली कुठून? स्पेनमध्ये या कथांचे एक मोठे कुळ आहे. तिथले अभ्यासक त्याला मेंढपाळांचे कथाचक्र म्हणतात. एस्त्रेमादुरातल्या ग्वादालुपेला खील कोर्देरो नावाच्या गुराख्याला हरवलेली गाय शोधताना मूर्तीचा ठाव लागला. आन्दुखारजवळच्या डोंगरावर १२२७ मध्ये ख्वान आलोन्सो दे रिवास या मेंढपाळाला उजेड दिसला, घंटानाद ऐकू आला, आणि शिखरावर व्हर्जिन दे ला काबेसाची मूर्ती मिळाली. कातालोनियात मोन्सेरातच्या डोंगरावर ८८० मध्ये मेंढपाळ पोरांना प्रकाश दिसला आणि गाणे ऐकू आले. मूर्ती मान्रेसाला नेऊ लागले तर ती उचलेना इतकी जड झाली. सांगाडा एकच आहे: नागर धर्मसत्तेच्या बाहेरचा एखादा साधा माणूस, एखादे जनावर किंवा एखादी खूण, रानातली मूर्ती, तिला गावात नेण्याचा प्रयत्न, आणि मूर्तीचा नकार. मुंबईच्या वाचकाला याच इबेरियन कॅथलिक परंपरेतून आलेली वांद्र्याची मोतमाउली आठवेल. तिथेही दृष्टान्त झालेल्या कोळ्याला मूर्ती समुद्रात तरंगताना सापडल्याची आख्यायिका आहे, आणि त्याच वेळी ती जेझुइटांनी पोर्तुगालहून आणल्याचा इतिहासही सांगितला जातो. भाविकांना या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

या कुळात रोसीओची कथा ठेवून पाहिली की तिचे वेगळेपण ठळक होते. ग्वादालुपेला मरिया स्वतः गुराख्याशी बोलते, धर्मगुरूंना बोलावून आण म्हणून सांगते. काबेसाला मेंढपाळाचा अधू हात बरा होतो. रोसीओला यातले काहीच नाही. मरिया बोलत नाही, कोणी बरे होत नाही, आकाशात दिवे लागत नाहीत. कुत्रे भुंकतात, माणूस थकून झोपतो, आणि मूर्ती परत जाते. नियमावलीच्या लेखकाची भाषा अत्यंत अलंकृत आहे. काट्यांतले कमळ, न जळणारे झुडूप अशा बायबलमधल्या प्रतिमांची त्याने रास ओतली आहे, परंतु चमत्काराच्या बाबतीत तो कमालीचा हात राखून आहे. त्याला एकच चमत्कार हवा होता, तो म्हणजे जागेचा. भाविकांना मोहवायचे असते तर त्याने आणखी दोनचार चमत्कार सहज घातले असते. त्याचा रोख दुसरीकडे होता.

इथे १७५८ हे साल महत्त्वाचे ठरते. त्याच्या तीन वर्षे आधी, १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी लिस्बनचा प्रचंड भूकंप झाला आणि अंदालुसियाचा पश्चिम भागही हादरला. रोसीनासचे जुने प्रार्थनामंदिर त्यात निकामी झाले. मूर्ती आल्मोन्तेत आणण्यात आली आणि १७६० मध्ये नवे देऊळ पूर्ण होईपर्यंत ती गावातच राहिली. म्हणजे कथा लिहिली गेली तेव्हा मूर्ती आल्मोन्तेच्या चर्चमध्ये होती आणि रानातले देऊळ बांधले जात होते. आता दंतकथेतले ते वाक्य पुन्हा पाहा: रानात देऊळ होईपर्यंत मूर्ती गावच्या मोठ्या चर्चमध्ये ठेवली. लेखक तीनशे वर्षांपूर्वीची म्हणून जी घटना सांगतो आहे, ती त्याच्या भोवती त्या क्षणी चालू होती. माझ्या मते या कथेचा गाभा इथे आहे. मूर्ती गावात आली आहेच, तर ती इथेच का राहू नये, हा प्रश्न अशा वेळी उठणे अगदी स्वाभाविक होते. दलदलीतल्या, पूर येणाऱ्या, तीन कोस वाळूतून तुडवत जाव्या लागणाऱ्या जागी खर्च करून पुन्हा देऊळ का बांधायचे? त्याला कथेने उत्तर दिले की हा प्रयत्न पूर्वी एकदा झाला होता आणि मूर्तीने स्वतः तो मोडून काढला.

परंतु तेवढ्यावर कथा थांबत नाही, आणि तिचा दुसरा अर्धा भाग तितकाच कसून बांधलेला आहे. मूर्ती सापडली ती ‘आल्मोन्तेच्या हद्दीत’. शिकारी तिला नेत होता आल्मोन्तेकडेच. मूर्ती परत गेल्यावर खबर पोचली आल्मोन्तेला. बाहेर पडले ते आल्मोन्तेचे धर्मगुरू आणि आल्मोन्तेची पंचमंडळी, म्हणजे धर्मसत्ता आणि नगरसत्ता दोन्ही. शिकाऱ्याच्या एकट्याच्या खांद्यावर न राहिलेली मूर्ती या मंडळींबरोबर मात्र मुकाट्याने आली, गावात राहिली, आणि देऊळ झाल्यावर परत गेली. एखाद्या खरेदीखतात चतुःसीमा, साक्षीदार आणि ताबा जसा नोंदवतात, तसा हा मजकूर आहे. मूर्ती रानात राहील, पण ती आल्मोन्तेची असेल, आणि गरज पडली तर आल्मोन्तेच्या लोकांनी तिला गावात आणावे. तिघांचेही हक्क त्यात चोख सांभाळले आहेत: जागेचे, गावाचे आणि मूर्तीचे.

हा दावा कोणाविरुद्ध होता, तेही सांगितले पाहिजे. आल्मोन्तेच्या शेजारी, सेव्हिलच्या बाजूला, व्हियामान्रीके हे गाव आहे. जुन्या काळी त्याला मुरेस म्हणत. तिथला रोसीओचा बंधुसंघ स्वतःला ‘पहिला आणि सर्वांत जुना’ म्हणवतो, आणि आजही सेव्हिलकडचे बहुतेक यात्रेकरू त्याच गावातून पुढे जातात. शिकाऱ्याचे नाव ग्रेगोरियो मेदिना, घरगुती नाव गोरो, आणि तो आमच्याच गावचा, असे व्हियामान्रीकेचे लोक अभिमानाने सांगतात. नियमावलीतला शिकारी निनावी आहे. त्याचे नाव नाही, गाव नाही, बाप नाही. आल्मोन्तेच्या लेखकाने हे नकळत केले असेल असे मला वाटत नाही, कारण हद्दी, अंतरे आणि लांबीरुंदी सांगताना तो इतका काटेकोर आहे. नावाचा माणूस आला की त्याचे गाव येते आणि गाव आले की वाटा येतो. ग्रेगोरियो मेदिना नावाचा माणूस खरोखर होऊन गेला की नाही, हा प्रश्न मला विचारला जातो तेव्हा मी एवढेच सांगतो की त्याचे नाव लोकांच्या तोंडी आहे, आल्मोन्तेच्या मूळ मजकुरात नाही, आणि या फरकातच दोन गावांची जुनी ओढाताण साठवलेली आहे.

यात्रेच्या प्रत्यक्ष वाढीचा इतिहास दंतकथेइतका रंगतदार नाही, पण कागदावर तो पक्का आहे. पेरूतल्या लिमा शहरात संपत्ती मिळवलेल्या बाल्तासार तेर्सेरो नावाच्या गृहस्थाने १५८७ मध्ये या देवळासाठी देणगी ठेवली आणि तिथे नियमित मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, व्हावी अशी तरतूद केली. दलदलीतल्या या छोट्या देवळाची आठवण महासागरापलीकडे टिकून होती, हे त्यातून दिसते. सतराव्या शतकाच्या मध्याला अंदालुसियात प्लेगने हाहाकार केला, आणि १६५३ मध्ये आल्मोन्तेने या मरियेला आपली आश्रयदाती म्हणून स्वीकारले. त्याच सुमारास रोसीनास हे स्थळाचे नाव मागे पडून रोसीओ, म्हणजे दव, हे नाव रूढ झाले. पवित्र आत्म्याच्या कृपेला दवाची उपमा उपासनेत होतीच. पूर्वी सप्टेंबरात होणारा उत्सव पेन्टेकॉस्टला आला तोही याच शतकात. ‘पांढरी कबुतरी’ हे मरियेचे लाडके नावही याच सणाशी, पवित्र आत्म्याच्या कबुतराशी, जोडलेले आहे. तेव्हा यात्रा किती जुनी, याचे प्रामाणिक उत्तर द्यायचे तर देऊळ तेराव्या-चौदाव्या शतकातले, गावाचा नवस सतराव्यातला, आजची कथा अठराव्यातली, आणि आजची प्रचंड यात्रा विसाव्यातली असे थरांनी द्यावे लागते. सेव्हिलचे धर्मपंडित ख्वान फ्रान्सिस्को मुन्योस इ पाबोन यांच्या पुढाकाराने ८ जून १९१९ रोजी मूर्तीला मुकुट अर्पण करण्याचा अधिकृत सोहळा झाला, तेव्हापासून तिची कीर्ती प्रांताबाहेर वेगाने पसरली. आजचे देऊळही १९६९ चे आहे. भूकंपानंतरचे जुने पाडून ते बांधले. पोप जॉन पॉल दुसरे १४ जून १९९३ रोजी इथे येऊन गेले.

मूर्ती सापडण्याची कथा तयार होताना आपण पाहिलेली नाही; तिच्या मागचे हात आपल्याला तर्काने शोधावे लागतात. पण याच देवळाच्या दुसऱ्या एका उत्सवाचा जन्म मात्र तारखेसह दिसतो, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत असा माझा आग्रह असतो. नेपोलियनच्या फौजा अंदालुसियात असताना ऑगस्ट १८१० मध्ये आल्मोन्तेच्या लोकांनी गावातल्या फ्रेंच शिबंदीवर हल्ला केला आणि त्यात फ्रेंच कॅप्टन मारला गेला. सूड उगवायला आठशे सैनिक निघाले, गाव लुटायचे आणि माणसे कापायची असा हुकूम होता, असे परंपरा सांगते. कैदेत पडलेल्यांनी आणि घरातल्यांनी रोसीओच्या मरियेचा धावा केला. फौज वाटेतूनच माघारी वळली. लष्करी इतिहासात अशा माघारीला कारणे असतात. स्पॅनिश सैन्याच्या हालचालींची वार्ता आली की ठरलेली मोहीम सोडून तुकड्या बोलावून घेतल्या जात. गावाच्या लेखी कारण एकच होते. त्याने १८१३ मध्ये रीतसर नवस केला की दरवर्षी १९ ऑगस्टला मरियेचे उपकार स्मरायचे. हा उत्सव आजही होतो. त्याला धाकटा रोसीओ म्हणतात. ज्यांनी संकट भोगले होते त्यांनीच, तीन वर्षांच्या आत, सहीशिक्क्यानिशी आपला अनुभव असा मांडला. लोकांना फसवण्यासाठी कोणी कथा रचतो ही समजूत इथे टिकत नाही. गावाला आपण वाचलो एवढे ठाऊक होते, आणि त्या वाचण्याला नाव देण्याची भाषा त्याच्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या तयार होती.

आता शेवटचा प्रश्न: मान एकट्या आल्मोन्तेला का? दंतकथेचा उत्तरार्ध इथे माणसांच्या अंगात उतरलेला दिसतो. दर सात वर्षांनी ऑगस्टमध्ये मूर्ती एल रोसीओहून आल्मोन्तेला नेतात आणि पुढच्या पेन्टेकॉस्टपूर्वी परत आणतात. (२०१९ मध्ये नेलेली मूर्ती साथीमुळे अडकून राहिली आणि जानेवारी २०२२ मध्ये परतली.) त्या दिवशी तिचा दरबारी थाट उतरवतात आणि तिला धनगरणीचा वेश देतात: डोक्याला टोपी, खांद्यावर आखूड केप. वाटेच्या धुळीपासून राखण्यासाठी तिच्यावर आवरण घालतात आणि चेहऱ्यावर रुमाल बांधतात. पंधरा किलोमीटरांचा वाळूचा रस्ता, रात्रभर चाल, खांद्याखाली सतत बदलणारी माणसे, धुळीचा लोट, आणि मध्येच बंदुकांच्या सलामीच्या फैरी. पहाटे आल्मोन्तेच्या वेशीवर, एल चापार्राल नावाच्या जागी, पूर्व उजळू लागते तेव्हा तो रुमाल सोडतात आणि गाव तिचा चेहरा पाहते. नियमावलीतल्या त्या एका वाक्याचा, गावकऱ्यांनी मूर्ती बाहेर काढून आल्मोन्तेला नेली या वाक्याचा, हा संपूर्ण प्रयोग आहे. शिकाऱ्याच्या बंदुकाही त्यात आहेत आणि वेशात कथेतला गुराखीही आहे. पुढे मूर्ती रानात परत जातेच, कारण कथेतही ती परत गेली होती.

पेन्टेकॉस्टच्या सोमवारी पहाटे जे घडते ते टीव्हीवर पाहून अनेकांना धक्का बसतो. रोझरीची, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेची, मिरवणूक संपून मूळ बंधुसंघाचे निशाण देवळात शिरते, तोच आल्मोन्तेचे तरुण वेदीपुढचे लोखंडी कठडे ओलांडून आत उड्या घेतात आणि मूर्तीचे आसन खांद्यावर घेतात. बाहेरच्या कोणी खांदा द्यायचा प्रयत्न केला तर त्याला ढकलून बाजूला सारतात. हा दांडगावा वाटतो, आणि कधीकधी तो दांडगावा असतोही. पण त्यामागचा हक्क स्पष्ट आहे. ज्या गावची पंचमंडळी रानात गेली, त्या गावचे हे वारस आहेत. बाकीचे बंधुसंघ, अगदी ‘पहिला आणि सर्वांत जुना’ व्हियामान्रीकेसुद्धा, आपापल्या घरांपुढे निशाणे घेऊन वाट पाहतात, आणि आल्मोन्तेची माणसे मूर्ती एकेकाच्या दारी नेतात. तिथे त्या संघाच्या धर्मगुरूला लोक खांद्यावर उचलतात, तो गर्दीच्या डोक्यांवरून मूर्तीकडे हात पसरून घसा फुटेपर्यंत मरियेची प्रार्थना म्हणतो, आणि मूर्ती पुढच्या दाराकडे वळते.

तुम्ही तिथे जाणार असाल तर ही कथा दोन ठिकाणी विचारा: एकदा आल्मोन्तेत आणि एकदा व्हियामान्रीकेत. कुत्रे, काटे, खोड आणि झोप दोन्हीकडे तेच ऐकाल. शिकारी कुठला, एवढाच प्रश्न जरा सांभाळून विचारावा.